मोरीवरचा पुदिना

लग्न होऊन मी पेणहून रोह्याला, पुलापलीकडच्या अष्टमीत आले, तेव्हा मागच्या दारी मोरीच्या पाण्यावर सासूबाईंचा पुदिना होता. उन्हाळ्यात नुसत्या काड्या उरत, पण तो मरत नसे. काकडीच्या कोशिंबिरीत तो लागायचाच. पोटात दुखलं की कोऱ्या चहात त्याची पानं. शेजारच्या चाची बिर्याणीसाठी कुंपणावरून जुडी मागून नेत.

धाकट्या दिराला मात्र ती जागा मोटारसायकल ठेवायला हवी होती. एका सकाळी तो कुदळ घेऊन उतरला आणि निम्मा वाफा उपटून मोकळा झाला. सासूबाई आडव्या आल्या.

"आता हात लाव तर खरं! मी जित्ती हाय तवर नाय."

त्याने कुदळीचा दांडा फिरवला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. मी पाट्यावर पुदिन्याची चटणी वाटत होते, हिरव्या मिरच्या घालून. धावत बाहेर आले, तर त्या चिखलात बसलेल्या आणि दांडा पुन्हा वर गेलेला. हातातला चटणीचा गोळा मी त्याच्या डोळ्यांत चोळला.

तो गुरासारखा ओरडला. चाचपडत त्याने माझे केस पकडले आणि डोकं भिंतीवर आपटलं. पुढचा दात तुटला. मी त्याच्या दंडाला कडकडून चावले. तोंडातलं रक्त माझं की त्याचं, कळत नव्हतं.

"सोड तिला, हरामखोरा!" चाची कुंपण मोडूनच आल्या. त्यांनी बालदी त्याच्या डोक्यात घातली, तेव्हा कुठे केस सुटले.

नवरा शिफ्टवरून आला. आम्हा दोघींकडे त्याने एकदा बघितलं. भावाचे कपडे रस्त्यावर फेकले, त्याला गचांडी धरून बाहेर काढलं. दीर पेणला मामाकडे गेला, तो तिथेच राहिला.

त्याच दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं. सासूबाई म्हणाल्या, "मोरीवर पाय घसरला."

माझं डोकं भडकलं. रिक्षात मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"पोलिसांनी त्याला आत टाकला असता गो," त्या म्हणाल्या. "मग डबा घेऊन मीच गेले असते. या मोडक्या हातानं."

मी पदर तोंडाला लावला. हिरडीतून अजून रक्त येत होतं.