सरोजताईंचं शाकाहारी टेबल

आपल्या मराठी मंडळाच्या अंकात दर वर्षी एका जुन्या सभासदावर लेख असतो. यंदा सरोज खासनीस यांची पाळी होती. दोघांनी आधीच अंग काढून घेतलं, तिसऱ्याला नेमकी तेव्हाच पाठदुखी सुरू झाली, आणि शेवटी संपादक तन्मय माझ्या दारात आला. मी त्याला स्वच्छ सांगितलं, बाबा रे, त्या बाईशी मी चौदा वर्षं बोलत नव्हते आणि मला ती आवडत नाही. तो म्हणाला, सुचित्राकाकू, दुसरं कोणी उरलंच नाही. म्हणून लिहिते आहे. गोडगोड वाचायचं असेल त्यांनी सरळ पान उलटावं.

सरोजताई बहात्तर वर्षांच्या. जन्म भवानीपूरचा, वडील बजबजच्या एका ज्यूट मिलच्या कचेरीत. स्वतः त्यांनी सियालदहजवळच्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्या तरी समोरच्याचा पाढा चुकलाय अशाच नजरेने त्या बघतात. लहान असो, मोठा असो, सगळ्यांना 'तू'. मराठी आपल्यासारखंच बोलतात, फक्त मध्येच 'पाणी खाल्लंस का' असं विचारतात, कारण इथे बंगालीत पाणी खातातच. आणि फोडणी मोहरीच्या तेलाची. मी नाशिकची. नवऱ्याची, म्हणजे जयप्रकाशची, बँकेतून इथे बदली झाली तेव्हा तीन वर्षांसाठी म्हणून आले आणि इथलीच झाले. पण दडप्या पोह्यांना मोहरीच्या तेलाची फोडणी मी आजही माफ केलेली नाही.

आता मूळ भांडण सांगते. आपल्या मंडळाची जानेवारीत सहल असते. बजबजच्या पुढे गंगेकाठी एक बाग भाड्याने घेतात, दोन बस करतात, आचारी बरोबर नेतात. तो आचारी तिथे मटण करतो. जे मटण खात नाहीत त्यांच्यासाठी घरोघरून डबे येतात आणि आंब्याखाली एक लांब टेबल मांडतात. हे शाकाहारी टेबल. बावीस वर्षं ते सरोजताईंच्या ताब्यात होतं. त्यांनी ते मागितलं नव्हतं, कोणी दिलंही नव्हतं. एका वर्षी त्यांच्या यजमानांना, सदाशिवरावांना, नुसता भात आणि मीठ खाऊन परत यावं लागलं. ते मटण खात नसत आणि सगळे डबे दुपारच्या आतच फस्त झाले होते. पुढच्या वर्षीपासून सरोजताई हातात डाव घेऊन टेबलापाशी उभ्या राहिल्या, त्या राहिल्याच. सदाशिवराव जाऊन सहा वर्षं झाली, पण डाव काही खाली आला नाही.

नियम एकच. मटण वाढायला घेतलं की मगच शाकाहारी टेबल उघडणार. तोवर डब्याच्या झाकणाला बोट लावायचं नाही. एकदा साक्षात अध्यक्षांच्या हातावर त्यांनी डावाचा दांडा मारला होता, आणि अध्यक्ष हात चोळत हसले होते. दुसरं काय करणार?

त्या स्वतः काय आणत, तेही सांगते, खोटं कशाला बोलू. तिखटमिठाच्या पुऱ्या, कांद्याशिवायची बटाट्याची सुकी भाजी, दहीभात आणि दडपे पोहे. सगळं सोपं. पण पुऱ्यांचं पीठ पाण्यात नाही, दह्यात मळलेलं, म्हणून चार तासांनीही मऊ. दहीभात सकाळी कालवताना त्यात दूध जास्त आणि दही चमचाभर, मग डबा जुन्या शालीत गुंडाळायचा, म्हणजे दुपारपर्यंत बेताचा लागतो, आंबत नाही. पोहे आणि खवलेला नारळ वेगवेगळ्या डब्यांत, तिथे जाऊन एकत्र करायचे. हे सगळं मी लांबून बघून शिकले. विचारायला गेले नाही. मेले असते तरी गेले नसते.

कारण चौदा वर्षांपूर्वी, माझ्या पहिल्याच सहलीत, या बाईने माझ्या मुलाच्या हातातली पुरी काढून घेतली. अनीश तेव्हा सात वर्षांचा होता. मी नदीकडे होते. वळून बघते तर पोर टेबलापाशी उभं, आणि सरोजताई त्याच्या मुठीतून पुरी सोडवून परत डब्यात ठेवताहेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात वर्षांच्या पोराच्या तोंडचा घास काढायचा? अनोळखी शहर, अनोळखी माणसं, आणि त्यात हे. मी तिथे सगळ्यांसमोर त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी फक्त झाकण लावलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. दिवाळीच्या फराळाला त्या पूर्वेच्या खुर्चीवर तर मी पश्चिमेच्या.

मग गेल्या नोव्हेंबरची सभा आली. मी उठून म्हटलं, सहल म्हणजे गणिताची परीक्षा नव्हे. टेबल मोकळं ठेवू या. ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्याने घ्यावं. पदार्थही जरा आजचे ठेवू, सोपे, सुटसुटीत. एकेक हात वर गेला, आणि काय सांगू, लोकांच्या तोंडावर अशी सुटका दिसली की मलाच हसू आलं. बावीस वर्षं सगळे त्या डावाला भीत होते, बोलत कोणी नव्हतं. टेबल माझ्याकडे आलं. सरोजताईंनी फक्त एक प्रश्न विचारला, मटण किती वाजता. आचाऱ्याशी बोलणारे म्हणाले, एक वाजता. मटण कधी वेळेवर होतं का, म्हणून सगळे हसले, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग ठीक आहे.

मी लगेच यादी केली. चटणी सँडविच, ढोकळा, मक्याचे दाणे लिंबू पिळून, कोथिंबीर वडी, हरभऱ्याची चाट, दाबेली. प्रत्येक घराला एकेक पदार्थ. सरोजताईंच्या नावापुढे मी मुद्दाम 'चटणी' लिहिलं. बावीस वर्षांच्या मालकिणीला चटणी. लिहिताना मला फार बरं वाटलं, हेही कबूल करते.

सहलीचा दिवस छान उजाडला. साडेदहाला मी टेबल उघडलं. आधी मुलं आली, मग बॅडमिंटनवाले, मग पत्ते कुटणारे एकेक हात मोकळा करून. ज्यांना दुपारी मटण हाणायचं होतं ते सगळे आधी ढोकळ्यावर तुटून पडले. मी आग्रह करकरून वाढत होते. वडीला लोक नावाजत होते, सँडविचची कृती विचारत होते. सरोजताई लांब चटईवर बसून वर्तमानपत्रातलं आकड्यांचं कोडं सोडवत होत्या. चटणीची बरणी टेबलावर ठेवून गेल्या त्या परत फिरकल्याच नाहीत. मी मनात म्हटलं, बसा.

सव्वाबाराला टेबलावर केळ्यांची सालं आणि रिकामी चटणीची बरणी उरली होती. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट अभिमान वाटला. काही उरलं नाही म्हणजे चांगलं झालं, नाही का?

एक वाजला. मटण नाही. दीड वाजला. आचाऱ्याची लाकडं ओली निघाली होती, मटण दगडासारखं होतं. दोन वाजता आपली ऋता हळूच येऊन म्हणाली, काकू, काही आहे का थोडंसं, आम्ही नेहमीसारखे जेवणाच्या वेळेसाठी थांबलो, सकाळी बसमध्येही फक्त केळी खाल्ली. बसमधल्या नाश्त्याच्या खोक्यात अंडं होतं, त्यामुळे या लोकांना केळ्यावरच भागवावं लागलं होतं. ऋता, तिचे म्हातारे सासूसासरे, कालिंदी आणि तिची आई, असे धरून शाकाहारी अकरा जण. त्यातला अकरावा माझाच मुलगा. अनीश गेल्या जुलैत न्यू टाउनला नोकरीला लागला आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाला, मी मांसमच्छी सोडली. मी घरात कोंबडीचा रस्सा करणारी बाई. तो मला माझाच अपमान वाटला होता.

मी म्हटलं, घाबरू नका, भात झालाय, मुगाची डाळ झालीय, कोबीची भाजी झालीय, तेवढ्यावर बसा. आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.

डाळीत माशाचं डोकं होतं.

कोबीत कोळंबी. आचारी बंगाली, त्याच्या दृष्टीने मेजवानीची मुगाची डाळ ही अशीच करायची असते, त्यात त्याचं काय चुकलं? सांगायचं मला होतं. बावीस वर्षं सकाळी पहिल्यांदा आचाऱ्याकडे जाऊन, डाळ साधी, कोबी साधा, असं बजावण्याचं काम सरोजताई करत होत्या. मला ते कधी दिसलंच नव्हतं, मला फक्त डाव दिसत होता. पंधरा वर्षं या शहरात राहून, लग्नांत हीच डाळ बोटं चाटून खाऊन, माझ्या डोक्यात आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ऋताचे सासरे पंच्याऐंशीचे. ते म्हणाले, असू दे, भात आणि मीठ पुरे. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा सरोजताई उठल्या. नेहमीची निळी कापडी पिशवी घेऊन आल्या आणि माझ्या रिकाम्या टेबलावर एकेक डबा काढून ठेवला. पुऱ्या. बटाट्याची भाजी. शालीत गुंडाळलेला दहीभात. पोहे आणि नारळ. मग डाव काढला, माणसं मोजली आणि वाढायला लागल्या. प्रत्येकी चार पुऱ्या, नेमक्या.

मला कृतज्ञता वाटायला हवी होती. मला संताप आला. मी चौदा वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"मी तोंडघशी पडावं म्हणूनच आणलंत ना हे?"

"हो," सरोजताई म्हणाल्या. वाढायच्या थांबल्याही नाहीत. "तू पडणार हे मला नोव्हेंबरातच कळलं होतं. पण तू पडलीस म्हणून या लोकांनी का उपाशी राहायचं?"

म्हणजे बघा. माणसाने निदान नाही म्हणावं. मग माझाही तोल सुटला. सगळे बघत होते, बघू देत. मी म्हटलं, तुम्हाला कोणाच्या उपाशीपणाची कदर केव्हापासून? माझ्या सात वर्षांच्या पोराच्या हातातली पुरी काढून घेतलीत तुम्ही.

सरोजताईंनी डाव खाली ठेवला. चौदा वर्षांत तो मी पहिल्यांदा खाली ठेवलेला पाहिला.

"पाचवी," त्या म्हणाल्या.

मला कळेना. मी म्हटलं, काय पाचवी?

"ती पाचवी पुरी होती. चार त्याला मीच दिल्या होत्या, झाकणाखालून, कोणाला न दाखवता. पाचवी माझ्या नवऱ्याची होती."

मी अनीशकडे बघितलं. एकवीस वर्षांचा माझा मुलगा तोंडात घास घेऊन उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. त्याने घास गिळला आणि म्हणाला, "आई, पाचवीच होती."

मग मटण आलं. मी ताट घेऊन एका बाजूला बसले. मटण चांगलं शिजलं होतं म्हणे. मला चव लागली नाही.

परतताना बसमध्ये अनीश माझ्या शेजारी बसला होता. मी त्याला विचारलं, चौदा वर्षांत एकदा तरी तोंड उघडायचं होतंस की रे. दर दिवाळीला मी त्या बाईला तुझ्यासमोर शिव्या घालत होते. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू मला विचारलंच नाहीस. तू धावत आलीस आणि म्हणालीस, रडू नकोस, मी बघते. मी रडत नव्हतो, आई."

तर असं आहे. सरोज खासनीस या बाई गर्विष्ठ आहेत, हट्टी आहेत, कोणाला चूक कबूल करायला जागाही ठेवत नाहीत. आपण बरोबर होतो हे त्या चौदा वर्षं एका वाक्यात सांगू शकत होत्या, पण सांगितलं नाही, कारण सात वर्षांच्या मुलाला त्याच्या आईसमोर खोटं पाडायचं नव्हतं. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. माझं मला कळलंय, आणि त्यामुळे त्या मला जास्तच आवडेनाशा झाल्या आहेत.

पुढची सभा रविवारी आहे. टेबल पुन्हा त्यांच्याकडे द्या, असं मीच मांडणार आहे, आणि कोणी विरोध केला तर त्याची गाठ माझ्याशी आहे. माझ्याकडे आचाऱ्याला बजावायचं काम राहू द्या. डाळ साधी, कोबी साधा. आणि सहलीच्या दिवशी मटण येईपर्यंत कोणी त्या झाकणाला हात लावला, तर डाव त्यांच्या हातात असेल, पण शेजारी मी उभी असेन.