नालोंगोचे गुडघे

तेओपिस्ता नाकायिझाला तिच्या नावाने हाक मारणारं माणूस आता न्येंडो गावात उरलं नव्हतं. जुळ्या मुली झाल्या त्या दिवसापासून ती नालोंगो झाली, म्हणजे जुळ्यांची आई, आणि नवरा लेओन्सिओ झाला सालोंगो. मान मोठा, पण मानाने घरातली कामं काही कमी होत नाहीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी नालोंगो इतकी दमलेली होती की शाळेत तिसरीच्या वर्गाला बेरीज शिकवताना खडू हातात धरून उभ्या-उभ्या तिचा डोळा लागायचा.

घरात दुखण्यांना तोटा नव्हता. सालोंगोला गॅस. तो वर चढला की छातीत, खाली उतरला की कमरेत, आणि सध्या तो नेमका कुठे आहे हे सालोंगो दर जेवणाआधी सगळ्यांना सांगायचा. जुळ्यांपैकी नाकातोचे टॉन्सिल दर दोन महिन्यांनी सुजायचे. दुसरीचं, बाबिऱ्येचं, डोकं गणिताच्या पेपरच्या दिवशी हटकून दुखायचं. ज्याच्या त्याच्यासाठी औषधी मातीची कांडी दगडावर उगाळून पाण्यात कालवून देणं हे नालोंगोचं काम. वर गाण्यांचा कल्ला. सालोंगोचा रेडिओ सकाळपासून सुरू. एक गिटार, एक माणूस, आणि अर्धा-अर्धा तास चालणारी पळून गेलेल्या बायकोची कर्मकथा. पलीकडच्या खोलीत मुलींच्या फोनवर नाचाची गाणी. मागच्या पडवीत नालोंगो हिरवी केळी सोलत रविवारचं भजन गुणगुणायची. चर्चमध्ये ती वीस वर्षं खालच्या पट्टीत गात होती. घरात तिचा आवाज पडवीबाहेर जात नसे.

स्वतःचं दुखणं मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिचे गुडघे गेले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरने दाबून पाहिलं आणि म्हणाला, वाटी झिजलीय, गुडघे टेकणं बंद करा. नालोंगोला हसूच आलं. डॉक्टर तरुण होता, त्यात पुरुष. बायकांना दिवसातून किती वेळा गुडघे टेकावे लागतात हे त्याने कधी मोजलं नसणार. नवऱ्यापुढे ताट ठेवताना, सासरच्या माणसांची ख्यालीखुशाली विचारताना, रस्त्यात कुणी म्हातारं भेटलं तर तिथेच धुळीत. आणि टेकले नाहीत तर? शिकलेली आहे, शेफारली आहे, शाळेचा पगार डोक्यात गेलाय. दुखणं सांगावं तर तेही पटायचं नाही, कारण सासरच्या सत्तर-सत्तर वर्षांच्या बायका तक्रार न करता खाली बसत आणि उठत. मग नालोंगोने आपलं वेळ मारून नेणं सुरू केलं. सालोंगो हात धुवायला गेला की ताट आधीच ठेवून द्यायची. समोरून काठी टेकत कुणी येताना दिसलं की गल्ली बदलायची. शाळेतून घर दहा मिनिटांवर, पण तिला कधीकधी अर्धा तास लागायचा.

कॅमेरा आला तो याच सुमारास. कंपालातल्या भावाने नवा घेतला आणि जुना हिच्याकडे पाठवून दिला. आधी सातवीच्या मुलांचे परीक्षेच्या अर्जासाठी फोटो, निळी चादर खिळ्याला अडकवून. मग एका बारशाचं बोलावणं आलं. त्या बारशाला एक गोष्ट नालोंगोच्या ध्यानात आली. मांडवातल्या सगळ्या बायका उठत-बसत होत्या, ती मात्र कॅमेरा डोळ्याला लावून सरळ उभी होती, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. फोटोवाली उभीच असायची, त्यात काय. त्यानंतर ती कॅमेरा गळ्यात घालूनच घराबाहेर पडू लागली. लोक म्हणायचे, नालोंगोला फोटोचं वेड लागलं. सालोंगो म्हणायचा, एवढं माझ्या पोटाकडे बघत जा. तिने कुणाचीच समजूत दुरुस्त केली नाही, आणि वर्षभर सगळं सुरळीत चाललं.

मग पुतणी लेओकाडियाचं क्वांजुला, म्हणजे लग्नाआधीचा ओळखीचा समारंभ, ठरलं. मुलाकडची मंडळी टोपल्या घेऊन येणार, दोन्हीकडून बोलायला नेमलेले बोलघेवडे एकमेकांना चिमटे काढणार, आणि नवरा मुलगा आपल्या दहा-बारा मित्रांत एकसारखे कपडे घालून लपून बसणार. त्याला हुडकून काढायचं ते मुलीच्या आत्याने, सेंगाने. सेंगा माक्सेन्सिया ही नालोंगोची थोरली नणंद, वय एकाहत्तर, मूलबाळ नाही. तिने या दिवसाची तीन महिने तालीम केली होती. आधी दोनदा रांगेसमोरून नुसतंच जायचं, मग भलत्याच पोराचा कान धरायचा, मग जीव कसनुसा झाल्याचं सोंग करायचं, आणि शेवटी नवरदेवाच्या गळ्यात हार. मसाका शहरातला मोठा फोटोग्राफर सोडून फोटो नालोंगोनेच काढायचे हा हट्टही तिचाच. नालोंगोचा जीव टांगणीला लागला. सगळं सासर एका मांडवात जमणार होतं. तिथे गुडघ्यांचं बिंग फुटलं असतं तर ती फोटोवाली नव्हे, गुडघेचोर ठरली असती. आणि कॅमेरा निव्वळ सोंग ठरला असता.

अकरा वाजेपर्यंत सगळं ठीक चाललं. मुलाकडचे आले, पांढऱ्या अंगरख्यांवर काळे कोट, रांगेने बसले. नालोंगो त्यांच्यासमोरून फोटो घेत सरकत होती, तेवढ्यात पहिल्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने मान वर करून अगदी मायेने विचारलं, “पोरी, तू कुणाकडची सून?”

एवढ्या वयाच्या माणसाला उभ्याने उत्तर देता येत नाही. कॅमेऱ्याची ढाल इथे चालत नव्हती, कारण तो फोटोवालीशी नाही, सुनेशी बोलत होता. नालोंगोने गुडघे टेकले. म्हातारा सावकाश माणूस, रीतीची एकेक विचारपूस करणारा. घरी कसं आहे, शेतात कसं आहे, केलेल्या कामाबद्दल धन्यवाद, पुन्हा घरी कसं आहे. प्रत्येकाला उत्तर देऊन झालं, तो प्रसन्न होऊन मागे टेकला, आणि नालोंगोने उठायला जोर लावला तर गुडघे जागचे हलेनात. काहीतरी कारण हवं म्हणून तिने तिथूनच फोटो घ्यायला सुरुवात केली. डावीकडे चार, उजवीकडे चार, समोर चार. समोर म्हाताऱ्याच्या शेजारी मित्रमंडळींची रांग सुरू होत होती, आणि तिच्या टोकाला एक लाजाळू पोरगा बसला होता. तोच नवरदेव आहे हे तिला माहीतही नव्हतं.

अर्धा तास गेला. सेंगा हार घेऊन निघाली, दोनदा रांगेसमोरून जाऊन आली, आणि कान धरायला हात पुढे करणार तोच मुलीकडचा बोलघेवडा माइकवरून म्हणाला, “सेंगा, कशाला पाय झिजवता? आपली फोटोवाली अर्धा तास जावईबापूंच्या पाया पडून बसलीय.” मांडव हसून लोळायचा बाकी राहिला. नवरदेवाने मान खाली घातली, त्यामुळे उरलीसुरली शंकाही फिटली. तीन महिन्यांची तालीम पाण्यात गेली. नालोंगोला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

सेंगा तिच्याजवळ आली, वाकली आणि हारामागून हळूच म्हणाली, “ऊठ.”

“उठता येत नाही.”

सेंगाने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग ताठ झाली आणि हार घातला तो नवरदेवाशेजारच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात. आमची सून उगाच कुणापुढे बसत नाही, ती म्हणाली, ज्याच्यापुढे बसली तोच आमचा जावई. आता हसू दुसरीकडे वळलं. म्हातारा खुशीने फुलून गेला, मुलाकडचे आमचा आजोबा परत द्या म्हणून भांडायला लागले, आणि त्या गोंधळात सेंगाने दोन पोरांना दरडावून नालोंगोला दोन्ही काखांतून धरून उभं करवलं. सगळ्यांना वाटलं, हे आधीच ठरलेलं असणार.

दुपारी स्वयंपाकाच्या मांडवामागे सेंगाने तिला गाठलं.

“किती दिवस?”

“ईस्टरला वर्ष झालं.”

“म्हणून तो डबा गळ्यात?”

नालोंगोने मान हलवली. मग वर्षभराचं साचलेलं बाहेर पडलं. म्हणाली, कुणाला सांगणार होते, तुम्ही या वयात खाली बसता, उठता, कधी हूं की चूं नाही, आणि मी सत्तेचाळिसाव्या वर्षी मोडलेली.

“मी सहा वर्षांत एकदाही माझी मी उठलेली नाही,” सेंगा म्हणाली. “एवढे फोटो काढतेस, बघत नाहीस का?” आणि ती वाढप बघायला निघून गेली.

रविवारी दुपारी नालोंगो फोटो बघायला बसली. क्वांजुलाचे झाले, मग बारशाचे, मग वर्षभराचे सगळेच. सेंगा गुडघे टेकून बसलीय, शेजारी एक भाची, तिचा हात सेंगाच्या कोपराखाली. सालोंगोच्या काकूंच्या काखेखाली नातीचा हात. फादरच्या आईमागे शेजारची मुलगी, म्हातारीच्या कमरेचं कापड मुठीत घट्ट धरलेली. एकही म्हातारी एकटी नव्हती. हे सगळं तिनेच टिपलं होतं, चेहरे नीट यावेत म्हणून हातांकडे दुर्लक्ष करून. मग तिला तिची आई आठवली. पाहुणे आले की आई तिला जवळ बोलवायची, आणि उठताना तिच्या खांद्यावर हात ठेवून जरा वेळ तसाच राहू द्यायची. बहिणींना सोडून आई आपल्यालाच बोलवते, आपण लाडक्या आहोत, असं ती चाळीस वर्षं धरून चालली होती. आईच्या मयताला तिने हेच सगळ्यांना रडत सांगितलं होतं. नालोंगोने फोटो बंद केले. तिला आईचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

अंगणात काठी वाजली. सालोंगोचे चुलते आले होते. नालोंगोचा हात सवयीने खुंटीवरच्या कॅमेऱ्याकडे गेला. तो तिने मागे घेतला आणि बाबिऱ्येला हाक मारली. पोरगी एका कानात गाणं ठेवूनच आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली.

“गुडघे गेलेत माझे. वर्ष झालं. मी खाली बसले की शेजारी थांब, आणि बोलणं संपलं की मला उठव.”

बाबिऱ्येने कानातलं काढलं. “मग सांगितलं का नाहीस, आई?”

“मला तरी कुठे सांगितलं होतं कुणी,” नालोंगो म्हणाली, आणि लेकीचा हात धरून अंगणात गेली.