ताईचं दुकान सात फोटोंत

आमच्या गल्लीतल्या फोटोवाल्या काकांना माघारी सगळे ‘हनुवटी’ म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. बेचाळीस वर्षं एका स्टुलासमोर उभं राहून जो माणूस दिवसातून तीस वेळा "हनुवटी जरा खाली... एवढी नाही... हं, श्वास रोखा" म्हणतो, त्याला दुसरं काय म्हणणार? "सोडा" म्हणायला मात्र ते अधूनमधून विसरत. लहान मुलं लालबुंद होऊन बाहेर पडत.

स्टुडिओ म्हणजे एक खोली. निळा पडदा, स्टूल, आरसा आणि आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा. सुतळी अशासाठी, की आधीचे अकरा कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून परस्पर निघून गेले. पण काकांची खरी कारागिरी फोटो काढून झाल्यावर सुरू व्हायची. पूर्वी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने, आता कॉम्प्युटरवर. मुरूम, सुरकुत्या, डोळ्यांखालचं काळं, सगळं साफ. पन्नाशीचा माणूस आत यायचा आणि पाकिटातून चाळिशीचा होऊन बाहेर पडायचा. मूळ फोटो जपून ठेवायची भानगड काकांनी कधी केली नाही. म्हणायचे, "आपला खरा चेहरा परत मागायला आजवर एकही गिऱ्हाईक आलेलं नाही."

चार दुकानं सोडून त्यांची मोठी बहीण कपडे शिवते. सगळ्या गल्लीची ताई. एक दिवस ताईने जाहीर केलं, की महिनाअखेर दुकान बंद. गुडघा ऐकत नाही. काकांनी घरी येऊन अल्बम खाली काढले. ताईचे एकोणीस फोटो निघाले. एकोणीसही फोटोंत ताई निळ्या पडद्यासमोर, हात मांडीवर, हनुवटी खाली.

"अगं, जन्मभर ती शिवतेय आणि शिवतानाचा एक फोटो नाही आपल्याकडे," ते काकूंना म्हणाले.

"ती कधी तुमच्या पडद्यापुढे शिवायला बसली नाही ना," काकू म्हणाल्या. "तुम्ही तो पडदा सोडून बाहेर कधी गेलायत?"

हे काकांना लागलं. वाचनालयात दर शनिवारी सकाळी ‘फोटोंतून गोष्ट’ नावाचा वर्ग चालायचा. साठी ओलांडलेले काका तिथे वही घेऊन जाऊन बसले. शिकवणारी मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत मोठी झालेली.

"मॅडम, मी नवीन."

"अहो काका, मॅडम काय! माझा शाळेच्या ओळखपत्राचा फोटो तुम्हीच काढलाय. हा गालावरचा तीळ उडवला होतात. परीक्षेच्या हॉलमध्ये बाई मला आत सोडेनात."

"तरी फोटो चांगला आला होता," काका म्हणाले.

वर्गाला काम मिळालं: एका माणसाची गोष्ट सात फोटोंत. निवडक गोष्टी पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या भिंतीवर लागणार. काका पुढच्या शनिवारी सात फोटो घेऊन हजर. मशीनपाशी ताई, कात्रीसह ताई, टेपसह ताई. सगळीकडे कॅमेऱ्याकडे बघणारी ताई, श्वास रोखलेली.

"काका, हे सात पासपोर्ट फोटो झाले," मुलगी म्हणाली. "आधी काय झालं, मग काय झालं, ते कुठाय? तुम्ही तिथे जाऊन नुसते बसा बघू. काही सांगू नका तिला."

न सांगता फोटो काढायचा, हे काकांना आंघोळ न करता जेवायला बसल्यासारखं वाटलं. पण ते गेले. पहिल्या दिवशी ताई म्हणाली, "असा पाहुण्यासारखा काय बसलायस? हे शर्ट घे, बटणं लाव." काकांनी चार शर्टांना बटणं लावली. एकाची उलट्या बाजूने. ती उसवली आणि पुन्हा लावली. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना त्यांचा विसर पडला, आणि मग कॅमेरा हळूच मांडीवरून उठायला लागला. कापड कापताना ओठ मुडपणारी ताई. खडूने पांढरी झालेली बाही. "मागच्या वेळचंच माप घे" म्हणणाऱ्या बाईच्या कमरेभोवती काही न बोलता टेप फिरवणारी ताई. शंभरएक फोटो झाले. इतकं मोकळं काम काकांनी आयुष्यात केलं नव्हतं. घरी ते शीळ घालायला लागले. काकूंनी ताप बघितला.

रविवारी त्यांनी ते फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि दिवसभर कामाला बसले. हात सवयीने चालत होता. संध्याकाळी त्यांनी ताईला बोलावून समोर बसवलं.

ताईने तीन फोटो बघितले. "दुकान कुणाचं रे हे?"

"तुझंच की!"

"माझ्या दुकानात जमिनीवर चिंध्या असतात. इथे तर पाहुणे यायचे असल्यासारखं झाडलंय." तिने मान पुढे केली. "आणि हा हात कुणाचा?"

ताईच्या डाव्या तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं आहे. फोटोत ते गुळगुळीत होतं.

"जरा साफ केलं," काका म्हणाले.

"साफ केलं? तुझ्या त्या पहिल्या लाकडी कॅमेऱ्याला डोक्यावरून घ्यायचं काळं कापड शिवताना सुई आरपार गेली होती. दुहेरी कापड होतं मेलं. तुला कुठलं माहीत असणार, तू कापडाच्या आत होतास."

काका कॉम्प्युटरकडे वळले. मूळ फोटो शोधायला लागले आणि शोधता शोधता थांबले. बेचाळीस वर्षांच्या शिस्तीने त्यांनी प्रत्येक साफ केलेला फोटो मूळ फोटोवरच सेव्ह केला होता; मूळ उरलाच नव्हता. शंभरच्या शंभर साफ. महिना संपायला चार दिवस राहिले होते. मशीन न्यायला भाचा शुक्रवारी येणार होता.

"आता?" काकूंनी विचारलं.

"आता परत बटणं लावायची," काका म्हणाले.

ते सोमवारी सकाळी ताईच्या आधी दुकानाशी हजर होते. तीन दिवसांत पाच फोटो जमले. त्यांत चिंध्या होत्या, खडू होता, ते नख होतं. गुरुवारी दुपारी शेवटचा शर्ट मशीनवर होता आणि दोरा तुटला. ताईने सुई काढून उजेडाकडे धरली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि ओवायला गेली. दोरा बाजूने गेला. काकांनी फोटो काढला. पुन्हा गेली, पुन्हा चुकला. सहाव्यांदा चुकल्यावर काकांच्या लक्षात आलं, की मशीनचं पायडल मारताना ताई आठवडाभरात एकदाही कण्हली नव्हती.

"ताई, गुडघ्याचं काय?"

"गुडघ्याला काय झालंय? लोकांना काहीतरी सांगायला हवं ना. डोळ्यांचं सांगितलं, तर शिवून नेलेले कपडे उसवून बघतील." मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "काढलास ना फोटो?"

"काढला. पुसून टाकू?"

ताईने सुई पुन्हा उजेडाकडे धरली. "राहू दे. पुसायचं नाही म्हणून शिकलायस ना आता? मग राहू दे."

शनिवारी वर्गातल्या मुलीने टेबलावर फोटो ओळीने मांडले. सहाव्यापाशी ती थांबली. ताईचे बारीक केलेले डोळे, दुभंगलेलं नख, आणि सुईच्या शेजारून गेलेला दोरा.

"काका, हा फारच चांगला आहे. पण सहाच? ओवला गेला तो सातवा कुठाय? तिथे गोष्ट पुरी होते."

"तो नाही," काका म्हणाले. "सुई तिने माझ्याकडे दिली. दोन्ही हात लागतात त्याला. कॅमेरा खाली ठेवला."

मुलीने वहीत ‘सात’ खोडून ‘सहा’ केलं आणि विचारलं, "मग शर्ट?"

"झाला. बटणं मी लावली," काका म्हणाले. "सरळ बाजूने."