चिंतामणीच्या दारात न मिळालेली सही

आमच्या यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. यंदा तिथे ड्रॉइंगच्या सरांचा सत्कार करायचं घाटतंय. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं. जो तो लिहितो आहे, ‘सरांनी झापलं म्हणून आपण घडलो.’ हे वाचलं की माझं डोकं फिरतं. मी घडलो तो बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यांतली जुनी यंत्रं घासाघीस करून घेऊन आणि विकून. त्यात सरांचा काडीचाही वाटा नाही. आणि माझा रूममेट दिगंबर आज हयात आहे, तो तर सरांनी जे केलं ते सोसूनही. तो कोणाच्या कृपेने आहे ते ग्रुपवर लिहिलं असतं तर नुसतं भांडण झालं असतं आणि मूळ गोष्ट राहून गेली असती. म्हणून ती इथे लिहितो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. यवतमाळच्या आसपास एकेक जिनिंग बंद पडत होती. दिगंबरचे वडील घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. त्या हंगामात तिचं फाटक उघडलंच नाही. दिगंबर फीच्या सवलतीवर शिकत होता आणि वर्ष वाया गेलं की सवलत बंद होणार होती. म्हणजे त्याचं इंजिनिअर होणं तिथेच संपणार होतं. त्याला हे रोज आठवायचं. मला देवाची आठवण फक्त परीक्षेच्या दिवसांत यायची आणि तीही व्यवहारापुरती. एका विषयाला एक नारळ, तोही निकाल लागल्यावर. आगाऊ काही नाही. देवाशीही मी असाच बोलायचो आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नव्हतं.

आमच्याकडे वर्षभराच्या ड्रॉइंग शीट्सवर सरांची सही असल्याशिवाय परीक्षेला बसू देत नसत. सरांची एक पद्धत होती. शीट आवडलं नाही की ते लाल पेन्सिलीने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारत. मग चूक एका अक्षराची असो की एका रेघेची, अख्खं शीट पुन्हा काढायचं. दिगंबरच्या शेवटच्या शीटवर ती फुली पुन्हा पुन्हा पडली. कधी अक्षरं वाकडी, कधी रेघ जाड, कधी कारणच नाही. पोरं सकाळपासून केबिनबाहेर उभी राहायची, चहासुद्धा न घेता. सर मात्र दर संकष्टीला दुपारीच केबिनला कुलूप लावून कळंबच्या चिंतामणीला जायचे. यांचा उपवास देवासाठी आणि आमचा यांच्यासाठी! या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

सबमिशनचा शेवटचा दिवस नेमका संकष्टीला आला. माझ्या सह्या मी आधीच गोड बोलून, गळ घालून मिळवल्या होत्या. दिगंबर मात्र नवीन शीट घेऊन दारात उभा होता आणि सर त्याच्या अंगावरून निघून गेले. तो खोलीवर येऊन खाटेवर बसला. मी म्हटलं, “चाल कळंबले. देवासमोर कसा नाही म्हणते पाहू.”

“तू जा,” तो म्हणाला. “तुले बोलता येते. मले नाही येत.”

मी त्याची शीट्स गुंडाळून काखेत मारली आणि एसटी पकडली. वाटेत मी देवाशी सौदा ठरवला. सही मिळाली तर नारळ नाही, दोघं पायी येऊ. अटी माझ्याच.

कळंबच्या देवळात देव जमिनीच्या खाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं, मग कुंड, मग गाभारा. संकष्टीची गर्दी खालपर्यंत होती. पायऱ्यांच्या मध्यावर सर दिसले. हातात दूर्वांची जुडी, कपाळाला गंध. मी माणसं बाजूला सारत त्यांच्यापर्यंत गेलो आणि शीट उलगडलं.

“इथे?” सर म्हणाले. “देवाच्या दारात कॉलेजची कामं आणू नकोस.”

“सर, उद्या सकाळी ऑफिसात यादी जाते. एक सही. पेन आहे माझ्यापाशी.”

त्यांनी शीटकडे पाहिलंही नाही. “तुझा मित्र इंजिनिअर व्हायच्या लायकीचा नाही. आणि तू त्याचा दलाल होऊ नकोस.”

हा शब्द आजही कानात आहे. माझा आवाज चढला. देऊळ, रांग, उपवास, कशाचंही भान राहिलं नाही. “पोरांले उपाशी उभं ठेवून तुमचा उपास देवाले पोचते काय?” असं मी भर पायऱ्यांवर विचारलं. सर पाठ फिरवून पुढे सरकले. मी त्यांच्या मागे जाणार, तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट धरलं.

मागच्या पायरीवर एक म्हातारी होती. विटकं नऊवारी लुगडं, हातात केळ्याच्या पानात बांधलेला प्रसाद. म्हणजे तिचं दर्शन झालं होतं आणि ती वर चालली होती.

“काहून बोंबलून राह्यला बापा? देव बहिरा हाये काय?”

“माय, सोड. मले त्या मास्तरची सही पाह्यजे.”

“तुयासाठी?”

“दोस्तासाठी.”

“मंग दोस्त कुठी हाये?”

“होस्टेलवर. खोलीत.”

“एकटाच?”

मी मान डोलावली. तिने प्रसादाचं पान माझ्या हातात कोंबलं. “सही काही पयून नाही चालली. हे त्याले नेऊन दे. आधी त्याले खाऊ घाल. आन तो निंगाच्या आधी पोच.”

मी म्हटलं, “तो कुठी निंगते? तो तर खोलीतच हाये.”

“जा म्हनते ना!” ती अशी खेकसली की मी निमूट पायऱ्या चढलो. माझ्यासारख्या माणसाने, जो भाजीवालीचंही पहिलं बोलणं कधी मान्य करत नाही, त्याने त्या बाईशी शब्दही वाढवला नाही. रस्त्यावर आलो तर यवतमाळची बस सुटतच होती. सरांना परतीच्या वाटेवर गाठायचं मी ठरवलं होतं, तेही राहिलं.

दिवेलागणीला खोलीवर पोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. दिगंबरने गादी गुंडाळून ठेवली होती. माझे भिजत घातलेले कपडे धुऊन दोरीवर टाकले होते. भिंतीवरचा त्याचा रेघा आखायचा मिनी ड्राफ्टर नव्हता. तो त्याने शेजारच्या खोलीतल्या ज्युनिअरला देऊन टाकला होता. आणि तो खाटेच्या कडेवर पायात बूट घालून बसला होता.

“कुठी निंगाला?” मी विचारलं.

“कुठीच नाही.”

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि पान उघडलं. खोबरं, गूळ, एक केळं. “कळंबचं हाये. तुयासाठीच देल्लं एका बाईनं.”

“मायासाठी? मले कोन ओयखते तिथी?” असं म्हणत त्याने खोबऱ्याचा तुकडा तोंडात घातला आणि तो चघळता चघळता रडायला लागला. मी त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. तो कुठे निघाला होता ते त्याने नंतर मला सांगितलं. ते माझ्यापाशीच राहील.

सही मिळाली नाहीच. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा केबिनबाहेर उभे राहिलो, सरांनी दार उघडलं नाही आणि दिगंबरचं वर्ष गेलं. त्याचे वडील येऊन त्याला घेऊन गेले. पुढे तो दुसरीकडे शिकला आणि आज पुसदला मुलांना ड्रॉइंग शिकवतो. त्याच्याकडे लाल पेन्सिल नाही. मुलाच्या बाकापाशी जाऊन तो चूक दाखवतो, ती तिथेच खोडायला लावतो आणि तिथेच सही करतो.

पुढच्या संकष्टीला आम्ही दोघं त्या बाईला शोधायला कळंबला गेलो. ती दिसली नाही. त्यानंतरही कधी दिसली नाही. रांगेतली एक समजूतदार म्हातारी होती असं कोणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. मी फक्त एवढंच सांगतो की तो निघणार आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं.

मी सौदा करायला गेलो होतो. मागितलं ते देवाने दिलं नाही आणि जे मागायचं मला सुचलंही नाही ते दिलं. त्या दिवसापासून मी त्याच्यापुढे अटी घालत नाही. बाजारात अजूनही पै-पैसाठी भांडतो, पण कळंबच्या पायऱ्या उतरताना हात रिकामे आणि तोंड बंद ठेवतो. काय द्यायचं ते त्याला कळतं.

परवा दिगंबरला फोन करून सत्काराची बातमी सांगितली. त्याच्यापेक्षा मीच जास्त तापलो होतो. तो हसला. “जाजो नको सत्काराले. पन भांडूही नको बे. कायले जीव जाळतं?” त्याला सोपं आहे, तो मोकळा झाला. मी झालेलो नाही. सरांना माझ्या हातून शाल मिळणार नाही. हा राग मी दर संकष्टीला चिंतामणीच्या पायाशी ठेवून येतो आणि घरी पोचेपर्यंत तो माझ्या आधी येऊन बसलेला असतो. तरी मी ठेवत राहतो. ज्याने मला वेळेवर त्या खोलीत पोचवलं, तो हेही कधीतरी उचलून घेईल. कधी, ते मी त्याला विचारत नाही.