आत्याचं माश्यांशी वैर

माश्यांशी इतकं उघड वैर धरणारं माणूस अख्ख्या गंगाखेड तालुक्यात आमच्या थोरल्या आत्याखेरीज दुसरं नसेल. राणीसावरगावच्या शिवारात तिच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, गेलं की पाण्याच्या तांब्याआधी हातात लिंबाचा डहाळा यायचा. "आधी अंग झाड, मग आत ये. काय काय संगं घेऊन आलास कुणाला ठावं!" माझ्यासाठी मुलगी पाहायला गेली तेव्हा बैठकीत न बसता ती थेट त्यांच्या गोठ्यात शिरली, गाईचे कान उलटून गोचीड शोधले आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरगी बेस हाय, पण गोठ्यात चिलटं लय." सोयरीक कशीबशी टिकली.

तिचा खरा राग मात्र ओढ्याकाठच्या बेशरमीच्या झुडपांवर. त्या हिरव्या गर्दीत डास नि चावऱ्या माश्या दिवसभर दबा धरून बसतात आणि दिवेलागणीला जनावरांवर तुटून पडतात, असं ती येईल त्याला सांगायची. आपल्या बाजूची बेशरम ती दरसाल शिव्या देत छाटायची. पलीकडच्या शेजाऱ्याला तेच आयतं कुंपण वाटायचं. त्यावरून भांडण होऊन दोघांचं बोलणं बंद पडलेलं. निरोप द्यायचाच झाला, तर आत्या त्याला ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या बैलांशी बोलायची.

मग जनावरांचा लंपी रोग आला. जनावरांचे बाजार बंद झाले. आत्यानं बैलांना लस टोचून घेतली, जुन्या लुगड्यांचे पडदे शिवून गोठ्याला लावले आणि लिंबाच्या पाल्याच्या धुरात डोळे लाल करून बसून राहिली. पण लस अंगी लागायला वेळ हवा, तो मिळाला नाही. शेजाऱ्याच्या कालवडीला गाठी उठल्या होत्या. गाव बोल लावील या धास्तीनं त्यानं ती बेशरमीच्या आडोशाला लपवून बांधली. ती मेली तेव्हा सगळ्यांना कळलं. तोवर आत्याचा लालकंधारी बैल राजा तापानं फणफणत होता.

आत्या तरातरा ओढा ओलांडून निघाली. आता काही खरं नाही, म्हणून मी मागं धावलो. शेजारी कालवडीपाशी मातीत बसला होता. आत्याला बघून म्हणाला, "आक्का, म्या लपवली. मार मला."

आत्या कालवडीपाशी वाकली. मग पदरानं कालवडीच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकलत म्हणाली, "रडायलास काय? माश्या बसायल्यात तिच्यावर. ऊठ, खड्डा घेऊ." आम्ही तिघांनी खोल खड्डा खणला, चुना टाकला आणि कालवड पुरली.

पुढं राजाचेही पाय सुजले, घास गिळवेना. तो गेला त्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, रोग आला तरी कुठून? ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. माश्या काही कुणाचा बांध बघून उडत नाहीत." आत्यानं ते ऐकलं आणि राजाच्या मरणावरून शेजाऱ्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

ज्वारीच्या पेरणीला तिच्याकडं एक बैल उरला होता, शेजाऱ्याकडं पहिल्यापासूनच एक. दोघांनी जोड जुंपली. शेजारी तिफण हाकायचा, आत्या मागून बी सोडायची. बैल रेंगाळले की ती सवयीनं ओरडायची, "चल रं राजा!" शेजाऱ्याच्या बैलाचं नाव निराळं होतं. पण त्यानं तिला एकदाही टोकलं नाही, आणि तो बैलही मुकाट पाऊल उचलायचा.