छत्रीवरच्या प्रशिक्षणात मी काय बोलले

हल्ली मास्तरलोक भाजी निवडता निवडता मोबाइलवर प्रशिक्षण उरकतात. परवा सुनेच्या मोबाइलमधून कुणीतरी म्हणालं, "माइक बंद ठेवा, सगळ्यांना ऐकू जातंय." हे वाक्य मला कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

तेव्हा मी नांदूरघाटच्या पुढं एका वस्तीवर चौथीपर्यंतच्या शाळेत शिकवत होते. एक दिवस फर्मान आलं की पुण्याचे तज्ज्ञ टीव्हीवरून थेट प्रशिक्षण देणार आहेत, सगळ्यांनी बीडला हजर व्हावं. मांजरसुंब्याला एसटी बदलून आम्ही पोचलो. गच्चीवर उपग्रहाचं चित्र पकडणारी भलीमोठी छत्री बसवली होती. टीव्हीला हार घातला होता, नारळही फोडला होता, आणि त्याचे शिंतोडे काचेवर तसेच होते. पडद्यातले सर आम्हाला दिसत, त्यांना आम्ही दिसत नव्हतो. प्रश्न असेल तर शेजारच्या खोलीत जाऊन फोनवर विचारायचा.

प्रश्न असेल तर म्हणजे काय, प्रश्न आमच्या केंद्रप्रमुखांनी आधीच चिठ्ठ्यांवर लिहून वाटून टाकले होते. जिल्ह्याची लाज राखायची तर प्रश्न चांगले दिसायला हवेत. माझ्या चिठ्ठीत होतं, 'शैक्षणिक साहित्य निर्मितीत लोकसहभाग कसा वाढवावा?' आमच्या वस्तीचा लोकसहभाग म्हणजे दुपारी शाळेच्या सावलीला येऊन बसणाऱ्या शेळ्या. मला राग आला, पण पहिलाच प्रश्न माझा होता, चिठ्ठी घेऊन मी उठले.

फोनच्या खोलीत मी एकटीच. दार ओढून घेतलं. मला ठाऊक असलेला फोन म्हणजे बाजारातल्या एसटीडीचा. तिथं काचेच्या खोक्यात शिरून दार लावलं की आतलं बाहेर जात नाही, हे मी अनुभवानं जाणत होते. पलीकडून सरांचा आवाज आला, अगदी मऊ. मी चिठ्ठी वाचली. ते म्हणाले, "ताई, हे राहू द्या. तुमची स्वतःची, खरी अडचण सांगा ना."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी सांगून टाकलं.

माझ्या चौथीत मेंढपाळाची एक मुलगी होती. दिवाळी झाली की तिचं घर मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीकाठच्या शिवारांत निघायचं. जाताना तिची आई माझा हात धरून म्हणाली होती, "बाई, पोरीचं नाव तेवढं ठिवा. वार्षिक परीक्षेला आणून सोडते. चौथी निघाली तर पाचवीला हिच्या मामाकडं ठिवीन, मंग मेंढरामागं न्हाई पाठवायची." मी शब्द दिला होता. एवढ्या महिन्यांच्या गैरहजेरीनं नाव कमी करावं लागतं, म्हणून मी रोज तिची हजेरी लावत होते. "सर, मी खोटं लिहिते," मी फोनवर म्हणाले. "पण खरं लिहिलं तर पोरगी जाते. काय करू सांगा." वस्तीचं नावही सांगितलं.

पलीकडून सर घाईनं म्हणाले, "हा प्रश्न आपण नंतर घेऊ."

मी डोळे पुसून हॉलमध्ये आले, तर सगळी तोंडं माझ्याकडं वळलेली. पडद्यात सर पाणी पीत होते. केंद्रप्रमुखांचा चेहरा पांढराफटक. काय झालं ते मला कळेना. शेवटी आमच्या केंद्रातले एक म्हातारे गुरुजी हळूच म्हणाले, "बाई, कावून बोलल्या वो इतकं? त्यो फोन न्हाई, भोंगा हाय भोंगा. सगळ्या म्हाराष्ट्रानं ऐकलं."

त्या हॉलमधले निम्मे तरी असल्याच हजेऱ्या लावत होते, पण परतीच्या एसटीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

आठ दिवसांत विस्तार अधिकारी मोटारसायकलवरून वस्तीवर आले. माणूस वाईट नव्हता. "पट घ्या, नावं वाचा," एवढंच म्हणाले. मी ठरवलं, आज तरी खरं करायचं. तिच्या नावावर आले, गैरहजर लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात खणखणीत आवाज आला, "हजर बाई!"

तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण. ती रोजच ओ द्यायची. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती की तो कानात शिरायचाच बंद झाला होता. साहेबांनी विचारलं, "तू कशाला ओ दिलीस?" ती अभिमानानं म्हणाली, "रोज मीच देते. बाई कवाच नगं म्हनल्या न्हाईत." लेकरांना मी काय शिकवलं होतं ते तेव्हा मला दिसलं, आणि मान वर करवेना.

साहेबांनी तिच्या नावावर तांबडी रेघ ओढली. जाताना म्हणाले, "बाई, टीव्हीवर सांगितलं नसतं तर मलाही दिसलं नसतं." मला लेखी ताकीद मिळाली. गंगथडीला निरोप धाडायला मी दोन माणसं गाठली, पण कळप कुठल्या शिवारात आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती आली. चुलता तिला सोडून गेला होता. चपचपीत तेल, लाल रिबिनी, हातात नवं पॅड. मैत्रिणीजवळ जाऊन बसायला लागली तशी मी तिला व्हरांड्यात बोलावलं. म्हटलं, "तुझं नाव कमी झालंय गं. तू शाळेत नव्हतीस ना इतके दिवस."

ती रडली नाही. मी काहीतरी भलतंच बोलतेय अशी माझ्याकडं बघत राहिली.

"न्हाई बाई. मी रोज हजर हुते," ती म्हणाली. "आमचं ठरलं हुतं. ही मैतरीन हिकडं म्हनायची, अन् शाळेच्या टायमाला मी बी तिकडं मेंढरात हुबं ऱ्हाऊन म्हनायची, हजर बाई. एक दिस सुदिक चुकले न्हाई. मी नव्हते आसं कोन म्हनलं?"

मीच म्हणाले होते, साऱ्या महाराष्ट्राला ऐकू जाईल असं.