हसनकाकांच्या टेप

मंडळी, आज सकाळी हसनकाका गेल्याचं कळलं. कुणाशी तरी बोलायचंय, म्हणून इथे लिहितेय.

माझा रिसर्च तुम्हाला माहितीय. कॉकेशसच्या डोंगरांतली चर्केस भाषा आणि तिच्या जवळच्या भाषा, यांतले प्राण्यांचे शब्द शेजारी ठेवायचे आणि हजारो वर्षांपूर्वीचा मूळ शब्द कसा असेल ते शोधायचं. इथे अमेरिकेत, अख्ख्या ॲन आर्बर शहरात मला चर्केस बोलणारे हसनकाका एकटेच सापडले. दोन वर्षं दर शनिवारी बसने त्यांच्याकडे जायचे.

प्रत्येक शब्द ते तीनदा म्हणायचे, मी रेकॉर्ड करायचे. घोडा म्हटलं की त्यांना आजोबांची घोडी आठवायची, लांडगा म्हटलं की गावचा हिवाळा. गोष्ट सुरू झाली की मी हसून मान डोलवायचे आणि हळूच रेकॉर्डर बंद करायचे. डेटा क्लीन हवा होता ना मला!

दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबा बोलतायत असं काही आहे का गं तुझ्याकडे? आमच्याकडे नुसते फोटो आहेत."

सगळ्या टेप ऐकल्या. घोडा, घोडा, घोडा. लांडगा, लांडगा, लांडगा. फक्त अस्वलानंतर काका खुशीत म्हणतात, "अगं ऐक, एकदा काय झालं..." आणि खट्. पुढे काही नाही.

तो मूळ शब्द मला कधीतरी सापडेलही. पण उद्या तिच्या हातात ही टेप ठेवू का? तुम्ही ठेवली असती?